घासलेटचा डबा आणि दत्तूची अब्दागीर

दोन वर्षांमागे शिमग्याला आमच्या वाडीत एक तरुण आला होता. खांद्याला पिशवी, पिशवीत टेपरेकॉर्डर, आणि चेहऱ्यावर असा भाव की आपण थोडे उशिरा पोचलो तर सगळी लोककला समुद्रात बुडून जाईल. पालखी नाचताना आमचे ढोलकरी जो ठेका धरतात, तो त्याने तीनदा टेप करून घेतला. दोन ठोके, मग थांबायचं, मग घाईघाईने तीन. हा ठेका रत्नागिरीच्या आसपास दुसऱ्या कुठल्याही वाडीत नाही म्हणे. वाडीतला सगळ्यात जुना माणूस म्हणून त्याला माझ्याकडे पाठवलं. "आजोबा, हा ठेका किती जुना असेल?" मी म्हटलं, "माझ्या लहानपणापासून ऐकतोय." यात खोटं काहीच नव्हतं. त्याने वहीत 'पुरातन' असं लिहिलं आणि मला समजावून सांगितलं की मधला जो विराम आहे तो भक्ताने धरणीमातेपुढे वाकण्यासाठी ठेवलेला असावा. मी मान डोलावली. त्याचा चहा निवत होता, आणि एवढ्या शिकलेल्या मुलाला, बाबा रे, तो विराम फणसाची आठळी चावण्यासाठी आहे, हे सांगायला मला तोंड नव्हतं. पण ती गोष्ट ठाऊक असलेला मी आता एकटाच उरलोय. तेव्हा लिहून टाकतो.

माझा थोरला भाऊ दत्ताराम माझ्याहून चार वर्षांनी मोठा. उंचीने बाबांना गाठलेला, खांद्याने रुंद, आणि बोलायला शब्द दहा-बारा. 'आये', 'पेज', 'कपिली' म्हणजे आमची गाय, 'शदू' म्हणजे मी, सदाशिव. एखादी गोष्ट त्याला शिकवायला महिनेच्या महिने लागत, पण एकदा शिकला की ती त्याच्या हातापायांत कायमची मुक्कामाला येई. सकाळी मला जाग यायची ती त्याच्या खराट्याने. सर्र, सर्र, सर्र. सगळं अंगण झाडायचा, पण डाव्या अंगाचा एक कोपरा सोडून, कारण कधीकाळी तिथे कोंबडी अंड्यांवर बसली होती. ती कोंबडी जाऊन वर्षं झाली तरी दत्तू तिला उठवत नव्हता. मोठा आवाज झाला की मात्र दोन्ही तळहात कानांवर घट्ट धरून खाली बसायचा. नारळ पडला तरी आणि ताशा वाजला तरी. हल्ली अशा मुलांसाठी शाळा निघाल्या आहेत, चांगले चांगले शब्दही निघाले आहेत. त्या वेळी एकच शब्द होता, आणि तो आमच्या घरात उच्चारायची कोणाची छाती नव्हती. बाहेर कोणी उच्चारला तर आई हातातलं काम टाकून त्याच्या दारात जाऊन उभी राहायची. भांडायची नाही. "त्याचं नाव दत्ताराम हाय," एवढं म्हणायची, आणि समोरच्याने ते नाव घेईपर्यंत तिथून हलायची नाही. एका बाईने हट्टाने तोंड उघडलं नाही, तेव्हा आई तिच्या पडवीत दुपारपर्यंत उभी राहिली. शेवटी तिच्या नवऱ्याला पान वाढायची वेळ झाली, आणि तिने नाव घेतलं.

बाबा पडावावर, म्हणजे मालाच्या शिडाच्या होडीवर, तांडेल होते. नारळ, कौलं, सुकी मासळी असं भरून आंजर्ले, केळशी मागे टाकत मुंबईला जायचे आणि परत यायचे. वाऱ्यात ओरडून ओरडून त्यांचा गळा असा झाला होता की समुद्रावर त्यांचा आवाज अर्ध्या कोसावर जाई, आणि घरात ते बोललेलं चुलीपाशीसुद्धा ऐकू येत नसे. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी पौषात ते अवेळी घरी आले. शिडाची काठी खांद्यावर पडली होती आणि उजवा हात डोक्याच्या वर जाईना. हाड बसवणाऱ्याने तेल चोळलं, पाला बांधला, हात काही वर गेला नाही. आणि त्या हातावर आमच्या घराचा मान होता.

शिमग्यात देवीची पालखी घरोघर फिरते. तिच्यापुढे अब्दागीर चालते, म्हणजे लांब काठीवर पिंपळपानाच्या आकाराची लाल मखमल, कडेला जर, देवीवर सावली धरायला. ती धरण्याचा मान आमच्या घराण्याचा. आजोबांनी धरली, मग बाबांनी. आता बाबांचा हात गेला म्हणजे ती थोरल्या मुलाकडे जाणार. थोरला दत्तू. पण वाडीत प्रत्येकाने मनातल्या मनात थोरल्याला वगळून धाकट्यापर्यंत हिशेब नेऊन ठेवला होता, आणि सगळ्यात आधी तो मी नेला होता. मी बारा वर्षांचा, मराठी पाचवीत, पाढे घडाघडा म्हणणारा. घरामागे जाऊन बांबूला सुपारीची झावळी बांधून मी चालायची तालीमसुद्धा करून बघितली. दुसऱ्याच फेरीला झावळी आंब्यावरच्या गांधीलमाश्यांच्या पोळ्याला लागली. चार दिवस माझा डावा डोळा दिसत नव्हता. शाळेत मी सांगितलं, गळू आलंय.

आईने मात्र पौषातच ठरवून टाकलं होतं. एका सकाळी तिने बांबूला वर सूप बांधलं, तो दत्तूच्या हातात दिला आणि मला हाक मारली. "सदू, गोठ्यातला घासलेटचा डबा आन. रोज शाळेतून आलास की वाजवायचा. ह्यो चालंल." दत्तूची आवाजाची भीती मोडायची, आणि हातातली काठी न सोडता पावलं टाकायला शिकवायची, असा तिचा बेत. बाबा ओटीवर बसून बघत. पहिले कितीतरी दिवस डब्यावर ठोका पडला की दत्तू बांबू टाकून कान झाकायचा. आई त्याचे हात कानांवरून काढायची नाही. त्याच्यासमोर उकिडवी बसायची आणि स्वतःचेही कान झाकायची. दोघं तशीच बसून एकमेकांकडे बघायची. मग ती आपला एक हात काढायची. जरा वेळाने तोही एक काढायचा. मग दुसरा. मग ती म्हणायची, "सदू, हळू वाजव रे."

आता माझं पाप सांगतो. त्या दिवसांत मी खिशात भाजलेल्या आठळ्या घेऊन डबा वाजवायचो. फणसाच्या बिया त्या, कडक, एका दाताने फुटत नाहीत. दोन ठोके द्यायचे, थांबून आठळी फोडायची, आणि थांबलो ते आईच्या लक्षात येऊ नये म्हणून घाईने तीन ठोके द्यायचे. पहिल्या दिवशी हे निव्वळ आठळ्यांमुळे झालं. मग माझ्या डोक्यात आलं, ताशा तर सरळ वाजतो. ह्याला असंच वाकडं शिकवलं तर हा शिमग्यात चुकेल. चुकला की अब्दागीर कोणाकडे येईल? तेव्हापासून मी तो वाकडा ठेका मन लावून वाजवू लागलो. आठळ्या संपल्या तरी तोंड हलवत ठेवायचो, वेळ बरोबर यावा म्हणून. आयुष्यात नियमाने केलेलं हे माझं पहिलं काम, आणि ते सख्ख्या भावाचा मान पळवण्यासाठी केलं. दत्तू बिचारा माझ्याकडे बघत शिकला. दोन पावलं, उभा, तीन पावलं. शिकला तेव्हा इतका आनंदला की आठवडाभर कपिलीला पाणी पाजायलाही तसाच जायचा.

फाल्गुनाच्या पंचमीला सहाणेवर बैठक बसली. सहाण म्हणजे गावातला दगडी चौथरा, शिमग्यात पालखी तिथे टेकते. सगळ्या घरचे पुरुष बसले. बायकांनी सहाणेवर बसायची चाल नाही, म्हणून आई खाली वाटेवर, पाण्याची घागर डोक्यावर घेऊन, जाता जाता थांबल्यासारखी उभी. मी भिंतीला टेकून. गावात शब्द चालायचा तो रामजी आबांचा. मोठे गावकर, पांढऱ्या मिशा, मनाने माणूस वाईट नव्हता. त्यांनी बाबांना विचारलं, "मंग तांडेल, अब्दागीर कोन धरनार?"

"थोरला," बाबा म्हणाले.

"म्हनजे सदू."

"थोरला दत्ताराम हाय."

कोणीतरी खाकरलं. आबा समजुतीने म्हणाले, "अरे, देवीच्या कामात चेष्टा नको. ताशा वाजला की त्यो कान धरून खाली बसतो, उभ्या गावानं बघितलंय. अब्दागीर हातातून पडली, तर सालभर गावाला त्याचा घोर. सदूला दे. पोर हुशार हाय." माझी छाती फुगली. एवढ्या पुरुषांच्या बैठकीत माझं नाव निघालं होतं.

बाबा आपल्या घरातल्या आवाजात म्हणाले, "सदू थोरला झाला की सदूला देऊ."

लोक हसले. माझी छाती जागच्या जागी बसली. मग बराच वेळ वाद चालला आणि ठरलं ते असं, की ह्या साली अब्दागीर आबांचा पुतण्या भिक्या धरील, पुढच्या साली बघू. बाबा उठले. वाटेवर आई होती तिथे येऊन त्यांनी तिच्या डोक्यावरची घागर डाव्या हाताने उतरवून घेतली. "ऐकलंस?"

"ऐकलं," आई म्हणाली. "आज अब्दागीर नको म्हनतात. उद्या पंगतीत पान नको म्हनतील. आपन गेल्यावर म्हनतील, ह्यो ह्या घरचाच नाय." मग घागरीकडे बघून म्हणाली, "पालखी आपल्या अंगनात येऊ दे."

पालखी आमच्याकडे आली ती पुनवेनंतर चौथ्या दिवशी, उन्हं कलायच्या सुमाराला. आईने सकाळपासून शेणाने अंगण सारवलं होतं. दत्तूने झाडलं होतं, कोंबडीचा कोपरा सोडून. घरात काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा वास, घावण्यांसाठी भिजवलेले तांदूळ वाटून तयार, नारळाचा रस गूळ घालून झाकलेला. मी हावरेपणाने दोनदा झाकण काढून बोट बुडवलं. तेवढ्यात ढोल ऐकू आले. दत्तूने हात कानांकडे नेले, आईकडे बघितलं, आणि खाली घेतले. पुढे भिक्या अब्दागीर घेऊन, मागे पालखी, गुलालाने लाल झालेली माणसं. पालखी पाटावर टेकली, वाजप थांबलं. आईने ओटी भरली. आणि आता तिची वेळ होती, कारण सहाणेवर बाईला बोलता येत नसलं तरी पालखी आपल्या दारात असली की घरच्या बाईने मागणं सांगायचं आणि गुरवाने ते देवीपुढे मोठ्याने घालायचं, त्याला गाऱ्हाणं म्हणतात. मागणं काय, ते गुरव बदलू शकत नाही. ते त्याच्यापुढे नसतंच, देवीपुढे असतं.

धोंडू गुरव वाकला. "बोल बाय, काय मागनं?" आई त्याच्या कानाशी बरंच बोलली. त्याने मान वर करून रामजी आबांकडे बघितलं, मग देवीकडे. बहुधा दोघांत कोणाला जास्त भ्यायचं ते ठरवत असावा. मग हात जोडून त्याने आवाज लावला.

"हे आई म्हामाये! आज ह्या लेकरांनी तुझी ओटी भरली, ती गोड करून घे!"

"व्हय म्हाराजा!" सगळी गर्दी ओरडली. गाऱ्हाण्याची रीतच तशी. गुरवाचं वाक्य संपलं की सगळ्यांनी एका दमात म्हणायचं.

"ह्यांचा पडाव वाऱ्यावादळात सांभाळ!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यांच्या गोठ्यातल्या गुरावासराला सुखी ठेव!"

"व्हय म्हाराजा!"

"आनि ह्यांच्या बापजाद्यांनी तुझ्यापुढं धरलेली अब्दागीर ह्यांच्या थोरल्या लेकाच्या, दत्तारामाच्या हातात आजच्या आज दे, आनि त्याचा हात सांभाळ!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठ्याने ओरडलो तो मी. शपथेवर सांगतो, दत्तारामाच्या नावापर्यंत मी ऐकतच नव्हतो, माझं लक्ष नारळाच्या रसात होतं. स्वतःच्या हाताने दोन महिने खणलेला खड्डा मी स्वतःच्या तोंडाने बुजवून टाकला. कोणाच्या काय लक्षात येतंय ते चेहऱ्या-चेहऱ्यावर दिसत होतं. रामजी आबांचं तोंड अजून 'जा'वर उघडं होतं.

"धोंडू," ते म्हणाले, "ह्ये काय बोललास?"

"मी मागनं घातलं आबा," गुरव म्हणाला. "व्हय तुमी म्हटलात."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. आबांनी आईकडे बघितलं. तिने पदर सारखा केला, पण नजर खाली केली नाही. मग आबा पुढे झाले, भिक्याच्या हातातून अब्दागीर घेतली आणि स्वतः दत्तूपाशी नेली. "घे," म्हणाले. आई तिथूनच म्हणाली, "त्याचं नाव दत्ताराम हाय, आबा."

आबांनी एक दम घेतला. "घे, दत्ताराम."

दत्तूने काठी धरली. पालखी उचलली, ढोल-ताशा दणाणला. दत्तूने कान झाकले नाहीत, काठी जराही हलली नाही. पण पायही हलला नाही. अंगणाच्या तोंडाशी तो खांबासारखा उभा राहिला आणि त्याच्यामागे पालखी, भोई, ढोलकरी, सगळी वाडी अडकली. "चल रे," कोणीतरी म्हणालं. "चल दत्तू." बाबा त्याच्या बाजूला जाऊन हळू आवाजात काही बोलले. तो हलेना. आबांनी काठीला हात घातला, पण ती मूठ सुटणारी नव्हती. दत्तू मान वळवून गर्दीत कोणाला तरी शोधत होता. त्याची नजर माझ्यावर आली आणि तिथेच थांबली.

तो कशाची वाट बघतोय ते त्या अंगणात फक्त मला माहीत होतं. मी गप्प राहिलो असतो तर आणखी घटकाभराने अब्दागीर माझ्या हातात आली असती, आणि ह्या वेळी कोणी नाही म्हणालं नसतं. मी गप्प राहिलोही. नेमका किती वेळ, ते सांगत नाही. मला आता माझ्या वयाच्या माणसाला शोभेल तेवढी लाज आहे. मग दत्तू म्हणाला, "शदू." ओरडून नाही. सकाळी पेज हवी असली की म्हणायचा तसं.

मी गोठ्यात पळालो. डबा घेऊन आलो आणि त्याच्यापुढे उभा राहून ढोलाबरोबर सरळ वाजवायला लागलो, म्हटलं चारचौघांत तरी शहाण्यासारखं वाजवावं. दत्तू हलला नाही. माझ्याकडे असा बघत राहिला की हे काय नवीन. मग मी नाइलाजाने वाकडा ठेका धरला. दोन ठोके. तोंड हलवलं, आठळी नसताना. तीन ठोके. दत्तूचा पाय उचलला. दोन पावलं, उभा, तीन पावलं. मागचे भोई पहिल्या विरामाला एकमेकांवर आदळले, दुसऱ्याला सावरले, तिसऱ्याला आपसूक थांबले. ढोलकऱ्यांनी जरा वेळ माझ्याशी झगडून बघितलं, मग वैतागून माझा ठेका उचलला. अशी आमची देवी त्या दिवशी दोन पावलं, थांबा, तीन पावलं करत चिऱ्याच्या पायवाटेने पुढच्या घरी गेली. अब्दागीर एकदाही झुकली नाही. बाबा कडेने चालत होते, आणि ज्यांचा आवाज घरात चुलीपाशी पोचत नसे ते समुद्रावरच्या गळ्याने ओरडत होते, "व्हय दत्ता! व्हय! असाच!"

परत आलो तेव्हा आई चुलीपुढे घावणे काढत होती. बाबा आणि दत्तू पाय धुवायला विहिरीवर होते. मी तिच्याजवळ बसलो आणि जीभ सैल सुटली. "आये, मी डबा मुद्दाम वाकडा वाजवत व्हतो. त्यो चुकावा म्हनून."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "दोन महिने ऐकत व्हते."

"मंग मला बोललीस का नाय?"

तिने घावण्याची कड उलथण्याने सोडवली, उलटला, वर दाबला. "सरळ वाजवला असतास," ती म्हणाली, "तर त्यो कुनाच्याबी ढोलावर चालला असता. आता तुझ्याबिगर चालनार नाय." मग पहिला घावणा दत्तूच्या ताटात, दुसरा माझ्या. "जेवून झालं की डबा माळ्यावर ठेव. पुढल्या साली लागंल."

तिला खरंच पहिल्यापासून सगळं उमजलं होतं, की रडकुंडीला आलेल्या पोराची समजूत काढायला तिने ते तव्यावरच रचलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. विचारायचा धीर झाला तोपर्यंत ती राहिली नव्हती. पुढे मला मुंबईला गोदीत कारकुनी मिळत होती आणि मी ती घेतली नाही, इथल्याच शाळेत मास्तर झालो. लोकांना सांगितलं, मुंबईची हवा मानवत नाही. खरं कारण माळ्यावर होतं, आणि दर फाल्गुनात आई ते खाली काढून, चुलीतल्या राखेने घासून, काही न बोलता माझ्या हातात द्यायची.